झुलत्या पुलाचं अँकरेज काँक्रीटने बुजवायचं का?

मेळघाटातल्या एका सरपंचताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. गावाच्या नदीवर इंग्रजी अमदानीतला, फक्त पायी जाण्यायेण्याचा झुलता पूल आहे. गाळा (दोन मनोऱ्यांमधलं अंतर) साधारण ६० मीटर, रुंदी चार फूट, दोन्ही अंगांना दोन-दोन वायर रोप. पलीकडच्या काठावर तारा ज्या दगडी चेंबरमध्ये उतरून जमिनीत रोवल्या आहेत (हेच अँकरेज), तिथे बारमाही पाणी साचलेलं असतं. दिवाळीनंतर पाणी उपसलं तेव्हा तारांना धरून ठेवणाऱ्या चार सळयांपैकी एक बरीच बारीक झालेली दिसली. कंत्राटदाराचं म्हणणं, बाजूने नवे बार वेल्डिंग करू, चेंबर काँक्रीटने गच्च भरू, पावसाळ्याआधी काम उरकेल. असं करावं का, आणि फगव्याला, म्हणजे होळीच्या सणाला, पूल चालू ठेवता येईल का?

ताई, पूल आजच बंद करा. दोन्ही टोकांना साखळी लावून कुलूप घाला, नुसता फलक लावून भागणार नाही. नदीचं पाणी आता उतरतंय, थोड्या दिवसांत लोकांना पात्रातून जाता येईल. शाळेच्या मुलांची सोय तेवढी आधी बघा. आणि कंत्राटदाराला सांगा, वेल्डिंग आणि काँक्रीट दोन्ही थांबवायचं.

का, ते जरा विस्ताराने लिहितो, कारण उद्या ग्रामसभेत चार लोक तुम्हालाच विचारतील.

पुलाकडे पाहताना नजर मनोऱ्यांवर आणि फळ्यांवर जाते. सगळा भार मात्र शेवटी जमिनीत गाडलेल्या त्या चार ठिकाणी येऊन थांबतो. तुमच्या मापांवरून ढोबळ हिशेब केला. तारेचा झोळ (मधोमध ती मनोऱ्याच्या माथ्यापासून जेवढी खाली लोंबते तो) ६ मीटर आणि पुलाचं स्वतःचं वजन मीटरला १५० किलो धरलं. रिकामा पूल एका अंगाच्या तारांना साधारण ६ टनांनी ओढतो, म्हणजे एका तारेत ३ टन. आता फगव्याची गर्दी धरा. यात्रा-जत्रेच्या ठिकाणी पुलावर चौरस मीटरला ५०० किलो भार धरायचा, असं आपल्या रस्ते-पुलांच्या संहितेत आहे. तेवढी माणसं उभी राहिली तर एका अंगाची ओढ ३० टनांवर जाते. मागची तार जमिनीशी ३० अंशांत उतरत असेल तर त्या ३० टनांचे दोन भाग होतात. तारा ज्यात रोवल्या आहेत त्या दगडी ठोकळ्याला १५ टन वर उचलू बघतात, २६ टन त्याला नदीकडे ओढतात.

ठोकळा हे पेलतो तो केवळ आपल्या वजनावर आणि त्याच्या पुढ्यातल्या मातीच्या टेक्यावर. घसरण्याविरुद्ध दीडपट सुरक्षितता हवी असेल तर एका अंगाला ९० टनांहून जास्त, म्हणजे जवळपास ३९ घनमीटर दगडकाम लागतं. पूर येऊन ठोकळा पाण्याखाली गेला की घनमीटरमागे एक टन वजन पाणीच उचलून धरतं. ९३ टनांचा ठोकळा ५४ टनांचा होतो. नुसत्या घर्षणावर मग तो २६ टनांची ओढ थोपवू शकत नाही, पुढची माती त्याला आवरते. आपल्याकडे पूर बघायला माणसं पुलावरच जमतात. म्हणजे ठोकळा सगळ्यात हलका आणि पूल सगळ्यात जड, हे एकाच दिवशी घडू शकतं.

म्हणून पहिला नियम लिहून ठेवा: ठोकळ्याच्या नदीकडच्या अंगाला फावडं लागू द्यायचं नाही. ही चूक मी डोळ्यांनी पाहिली आहे. एका जुन्या पुलाच्या ठोकळ्यापुढून नळाच्या पाइपसाठी कोणीतरी कंबरभर खोल चर खणला होता. आम्ही गेलो तेव्हा ठोकळ्याच्या पाठीमागे माती फाटून बोट जाईल एवढी भेग पडली होती, मनोऱ्यावरचं सॅडल (तार जिच्यावरून वळते ती बैठक) नदीकडे सरकलं होतं आणि पुलाचा मध्य वीतभर खाली बसला होता. पूल त्या दिवशी रिकामा होता हे गावाचं नशीब. तो चर आम्ही त्याच दिवशी मुरूम थराथराने कुटून भरला, बाकीची सगळी कामं मागे ठेवली. तुमच्याकडे चेंबर उघडताना रस्ता मागून किंवा वरून करा.

आता काँक्रीटचं. ही चूक पावणेदोनशे वर्षं जुनी आहे, आणि तिची किंमत माणसांनी मोजली आहे. फ्रान्समध्ये अँजे शहरात मेन नदीवर तारांचा झुलता पूल होता. १६ एप्रिल १८५० रोजी वादळी वाऱ्यात सैन्याची एक तुकडी त्यावरून जात असताना तो कोसळला आणि २२६ माणसं गेली. पुलाला बारा वर्षंही पुरी झाली नव्हती. चौकशीत दोष वारा आणि सैनिकांच्या पावलांबरोबर अँकरेजवरही आला. जमिनीतल्या तारांभोवती चुन्याचा गारा भरून टाकला होता, गाऱ्याने गंज रोखला जाईल अशा समजुतीने. गारा तारांपासून सुटला, त्या बारीक फटीत पाणी शिरलं आणि तारा आतल्या आत सडल्या. बाहेरून कोणाला काही दिसलं नाही. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षं फ्रान्समध्ये झुलते पूल बांधणं थंडावलं. अँकरेजमध्ये माणसाला उतरून लोखंड पाहता आलं पाहिजे, हा आग्रह तिथून पुढे धरला जाऊ लागला.

तुमचा पूल ज्याने बांधला त्याने चेंबर रिकामं ठेवलं ते याच शहाणपणातून. ती मोकळी जागा म्हणजे पुलाची नाडी बघायची खिडकी आहे. ती बुजवली तर सळई काँक्रीटमध्ये जिथे शिरते त्या कंठाशी ओल धरून राहील, आणि पुढच्या वीस वर्षांत ती किती उरली हे तुमच्या गावात कोणालाच कळणार नाही.

वेल्डिंगचं उत्तर छोटं आहे. त्या काळच्या सळया बहुधा घडीव लोखंडाच्या असतात. त्यांच्या अंगात कीटाचे (लोखंडातल्या मळीचे) बारीक धागे असतात, उसाच्या कांड्यातल्या रेषांसारखे. त्यावर आजचा बार वेल्डिंग केला की टाका वरच्या थराला धरतो आणि ताण आला की तो थरच सालीसारखा सुटतो. आणि सळई जुन्या पोलादाची निघाली तर वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचा भाग कडक, ठिसूळ होऊ शकतो. सळईवर भार असताना तिला तापवणं तर फारच धोक्याचं. लोखंड कोणत्या जातीचं आहे हे कानशीने घासून ठरवू नका. सुट्या, भार नसलेल्या तुकड्याचा नमुना प्रयोगशाळेत द्या.

चेंबर उघडायचं काम सकाळी करा. झाकण काढल्यावर अर्धा दिवस हवा खेळू द्या, मग बॅटरी मारून कोपरे बघा. घोणस, मण्यार अशा बंद ओलसर जागी असू शकतात. गाळ घमेल्याने काढा, सब्बल लोखंडाला लागू देऊ नका. माझ्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलेला परतवाड्याचा एक मिस्त्री म्हणायचा, "वरून पायलं तं काईच समजत नाई साहेब, आत हात घालून पाहा लागते." त्याचा हात नेमका एकाच जागी जायचा, सळई दगडात शिरते त्या कंठाशी.

तिथेच बसा. बोथट छन्नी आणि तारेच्या ब्रशने गंज काढा. पापुद्रे सुटतात ते बोटाएवढे जाड असले तरी घाबरून जाऊ नका, गंज मूळ लोखंडाच्या कैकपट फुगलेला असतो. खाली करडं, घट्ट लोखंड लागलं की व्हर्नियर (जाडी अचूक मोजायचं माप) लावून चार दिशांनी व्यास घ्या, कारण सळई खालच्या अंगाला जास्त खाल्लेली असते. समजा मूळ ४० मिलिमीटरची सळई ३४ भरली. ऐकायला सहाच मिलिमीटर गेले, पण छेदाचं क्षेत्रफळ २८ टक्के घटलं. पूर्ण गर्दीत एका सळईवर १५ टन येतात. वर्ग मिलिमीटरला १२ किलोंचा ताण साडेसोळावर जातो, आणि जुनं घडीव लोखंड १८-२० च्या आसपास कायमचं ताणायला लागतं. मधे एखादा खोल खड्डा असेल तर तेवढीही फुरसत नाही. सॉकेटच्या (तारेचं टोक धरणाऱ्या शंकूसारख्या वाटीच्या) तोंडाशी तारेचे पदर लाकडी पाचरीने हळूच उकलून आतल्या वायरी मोजा. बाहेरून ग्रीसने चकचकीत दिसणारी तार आत तांबड्या भुकटीने भरलेली मी पाहिली आहे.

दुसरी एक तपासणी गावातल्या मुलांकडूनही करून घेता येईल. मनोऱ्यापासून चेंबरपर्यंतची मागची तार हाताने हलवून सोडा आणि १० सेकंदांत किती झोके घेते ते मोबाइलवर चित्रीकरण करून मोजा. १५ मीटर लांब, मीटरला ५ किलो वजनाच्या तारेत ३ टन ताण असेल तर साधारण २५ झोके येतात. ताण झोक्यांच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. शेजारच्या सारख्या तारेचे झोके २२ आले तर तिच्यात जवळपास २३ टक्के ताण कमी आहे, म्हणजे तिचं अँकरेज ढिलं पडलंय आणि तिचा भार शेजारणीवर गेलाय. चारही तारांचे आकडे पहाटे, ऊन यायच्या आत घ्या. पहाट आणि दुपार यांत तारेचं तापमान ३० अंशांनी बदललं तर ९० मीटरची तार ३२ मिलिमीटर लांबते, आणि झोळ त्याच्या दुपटीने वाढतो. एकाने पहाटे मोजलं, दुसऱ्याने दुपारी मोजलं तर पूल बसला अशी आवई उठेल.

आता दुरुस्ती. हे काम झुलत्या पुलांचा अनुभव असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या आराखड्याशिवाय आणि देखरेखीशिवाय सुरू करायचं नाही. मी लिहितो ते त्यांच्याशी बोलताना तुम्हाला काय विचारायचं हे कळावं म्हणून.

माझी पहिली पसंती जुन्या दगडकामाला हात न लावता, त्याच भोकातून नवी सळई घालण्याला. चेंबरच्या पाठीमागे दगडात बिडाची जाड प्लेट असते, सळई तिच्यातून ओवून मागे नट किंवा खुंटी मारलेली असते. प्लेट शाबूत असेल, भेग नसेल, तर नव्या सळईनेही तिथेच टेकावं. अशाने पुलाचं जुनेपण राहतं आणि सगळं लोखंड डोळ्यांसमोर राहतं.

प्लेट फुटलेली असेल किंवा ठोकळा सरकलेला असेल तर मागे खडकात नवे अँकर घ्यावे लागतील. इथे आपल्या भागाची एक खोड ध्यानात ठेवा. काळा पाषाण लागला म्हणून ड्रिलवाला दोन मीटरवर थांबतो. आपला खडक लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला आहे, आणि दोन थरांमध्ये पुष्कळ ठिकाणी तांबड्या, मऊ मातीचा पट्टा असतो. अँकरचं धरतं टोक त्या पट्ट्यात आलं तर वरचा दगड कितीही टणक असो, उपयोग नाही. ड्रिलमधून येणाऱ्या भुकटीचा रंग दर अर्ध्या मीटरला वहीत लिहायला लावा. काळी, मग तांबडी, मग पुन्हा काळी भुकटी दिसली की धरती लांबी त्या दुसऱ्या काळ्या थरापासून पुढे मोजायची. वरच्या काळ्या मातीचा तर हिशेबच धरू नका, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते.

तुम्ही विचाराल, खडकात ग्राउट (सिमेंटचा पातळ गारा) भरून पुरलेला अँकर हेही बुजवणंच की. बरोबर आहे, म्हणूनच ती दुसरी पसंती. घ्यावाच लागला तर सळईवर नालीदार प्लॅस्टिकची नळी आणि आत-बाहेर ग्राउट असं दुहेरी संरक्षण हवं, गरजेपेक्षा एक अँकर जास्त हवा, आणि डोकं उघडं हवं, म्हणजे कधीही जॅक लावून नट किती टनांना उचलतो हे बघता येईल. वापरात घेण्याआधी प्रत्येक अँकर कामाच्या भाराच्या दीडपट, तुमच्या हिशेबात साडेबावीस टनांना ओढून धरायचा आणि तो सावकाश सरकत तर नाही ना, हे डायल गेजवर (केसाएवढी हालचाल दाखवणाऱ्या काट्याच्या मापावर) बघायचं. ही चाचणी दाखवायला कोणी टाळाटाळ केली तर बिल अडवा.

भार बदलायचा तो एका वेळी एकाच तारेचा, बाकीच्या तीन आपापल्या जागी. कंठापासून पुढे, निरोगी तारेवर जाड क्लॅम्प बसवायचा, तो सरकत नाही हे आधी ओढून बघायचं, मग क्लॅम्पपासून तात्पुरत्या अँकरपर्यंत दोन जॅक. रिकाम्या पुलात एका तारेत तीनच टन असतात, एका चेन पुली ब्लॉकने पेलतील एवढे. माणूस इथेच गाफील होतो. तात्पुरती साखळी, शॅकल (जोडायची यू-आकाराची कडी), क्लॅम्प सगळं किमान तिप्पट ताकदीचं घ्या. दहा-दहा टक्क्यांनी भार घ्यायचा, दर टप्प्याला सॅडलची खूण आणि मनोऱ्याचा ओळंबा बघायचा. मनोरा ओळंब्यातून हलला तर थांबायचं.

तारेचं शेवटचं टोक सडलेलं असेल तर ते कापून मागे नवं सॉकेट बसवावं लागतं, आणि सळई तेवढी लांब घ्यावी लागते. हे काम बघण्यासारखं असतं. कापायच्या आधी तारेला बारीक वायरने घट्ट बांधून घेतात, मग टोकाची प्रत्येक वायर सुटी करून केरसुणीसारखी फुलवतात. मधला ज्यूटचा गाभा तेवढ्या भागापुरता कापून टाकायचा. वायरी धुऊन तेलाचा लवलेशही ठेवायचा नाही, नाहीतर जस्त धरत नाही. फुलवलेलं टोक सॉकेटच्या शंकूत ओढून उभं, अगदी ओळंब्यात धरायचं, खालचं तोंड मातीने लिंपायचं, सॉकेट आधी तापवायचं. जस्त ४१९ अंशांना वितळतं, ओतायचं साधारण ४५० ते ४६० ला. तापमान मोजायला यंत्र लागतंच, रंगावरून अंदाज चालत नाही, कारण फार तापलेलं जस्त वायरींची ताकद खातं. ओतायचं ते एका दमात, मधे थांबलं की थर पडतो. थंड होताना कोणी हात लावायचा नाही, पाणी मारायचं नाही. त्या अर्ध्या तासात आमचा मिस्त्री कोणाशी बोलत नसे.

कंत्राटदाराने सॉकेटऐवजी बुलडॉग क्लिपा (दुमडलेली तार नटबोल्टने आवळायच्या क्लिपा) सुचवल्या तर मुख्य तारेला त्या नकोत. तात्पुरत्या कामाला लावल्याच तर क्लिपचा खोगिरासारखा भाग भार असलेल्या तारेवर आणि यू-बोल्ट मोकळ्या शेपटीवर. उलट्या लावलेल्या क्लिपा मी जवळजवळ प्रत्येक तालुक्यात पाहिल्या आहेत.

चेंबरमधलं पाणी हे सगळ्या दुखण्याचं मूळ, त्यामुळे तळाला उतार देऊन नदीकडे नव्हे तर बाजूला निचऱ्याची नळी काढा, तोंडाला जाळी लावा. जुन्या दगडकामाचे सांधे चुन्याच्या गाऱ्यानेच भरा. सिमेंटने सांधा दगडाहून कडक होतो आणि ओल आत कोंडते. जुन्या लोखंडाला स्टेनलेस स्टीलचे भाग भिडवू नका, ओलीत जुनं लोखंड झपाट्याने जातं. आणि एक सावधगिरी: जुन्या लोखंडावरचा नारिंगी अस्तर-रंग म्हणजे बहुधा जवसाच्या तेलातला शेंदूर. तो शिशाचा असतो. कोरडा घासू नका, ओला करून खरवडा, मजुरांना चांगले मास्क द्या, खरवड गोळा करा. त्याच नदीचं पाणी खालचं गाव पितं.

परवानग्यांची सुरुवात लगेच करा. पूल व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत असेल तर ड्रिलिंग मशीन आणायलासुद्धा वनखात्याचं पत्र लागेल, आणि त्यातच महिना जातो.

राहिला फगवा. या फगव्याला पूल उघडता येणार नाही. कामाला बाहेर गेलेली सगळी माणसं तेव्हा घरी येतात, पुलावर वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी त्याच पाच दिवसांत होते, हे तुम्ही मला सांगायला नको. त्या वेळी नदीला पाणी कमी असतं. दगड-मुरमाची तात्पुरती वाट करून घ्या.

काम एप्रिलअखेर झालं तर मे महिन्यात भार-चाचणी घेता येईल. पुलावर एका वेळी ४० माणसं सोडायची असं ठरवलंत तर त्यांचं वजन २८०० किलो. चाचणी त्याच्या दुपटीला घ्या, म्हणजे ५० किलोंच्या ११२ वाळूच्या गोण्या. मध्यापासून दोन्ही टोकांकडे सारख्या मांडत जायच्या, रात्रभर ठेवायच्या, पहाटे झोळ मोजायचा, गोण्या काढल्यावर पूल आपल्या जागी परत येतो का ते बघायचं. दुरुस्तीचा आराखडा मात्र पूर्ण गर्दी धरूनच करा, फलक वाचून कोणी थांबत नाही. ३० ऑक्टोबर २०२२ ला गुजरातमधल्या मोरबीचा झुलता पूल पडून १३५ माणसं गेली. तिथे एका मुख्य तारेच्या ४९ पैकी २२ वायरी गंजून आधीच गेलेल्या असाव्यात असं तपासात आढळलं, आणि दुरुस्तीत लाकडी फळ्यांच्या जागी ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग बसवल्याने पुलाचं वजन वाढलं होतं. तुमच्याकडेही कोणी चेकर्ड प्लेट (उंचवट्यांचा लोखंडी पत्रा) किंवा काँक्रीटच्या फरशा सुचवतील. फळ्या सागाच्याच ठेवा, आणि दोन्ही टोकांना एकेकच माणूस आत जाईल असं फिरतं फाटक बसवा.

चेंबरच्या झाकणाला कुलूप हवं, पण त्याची एक किल्ली ग्रामपंचायतीत ठेवा. दरवर्षी पोळ्यानंतर आणि होळीआधी कोणीतरी आत उतरून त्या चार कंठांचा व्यास मोजायचा आणि वहीत तारखेसह लिहायचा. पहिली नोंद आजच्या व्यासाची करा. तुम्ही पाणी उपसलंच आहे, आणि व्हर्नियर धारणीत मिळेल.